वृत्तपत्रस्वातंत्र्य : भरल्या पोटाची चैन?

(द्वितीय वर्ष, कला)

वादविवाद स्पर्धा कोणत्याही महाविद्यालयातली असो, विषय लोकशाहीचा असला की एक वाक्य हमखास ऐकू येते. वक्ता हात उंचावून म्हणतो, "चीनकडे पाहा! तिथल्या आगगाड्या पाहा, पूल पाहा, कारखाने पाहा. तिथली वृत्तपत्रे सरकारच्या कामात खोडा घालीत नाहीत, म्हणून तिथे कामे होतात. वृत्तपत्रस्वातंत्र्य ही भरल्या पोटाची चैन आहे. गरिबाला आधी भाकरी हवी!" टाळ्या पडतात. कधी कधी परीक्षकही मान डोलावतात.

मला या वाक्यातील 'गरिबाला' या एका शब्दाबद्दल बोलायचे आहे. हे वाक्य बोलणारे बहुधा गरिबाच्या वतीने बोलत असतात. आमच्या घराला तो शब्द सरळ लागू पडतो. भाताची दीड एकर खाचरे आणि दोन म्हशी एवढा आमचा संसार. वडिलांना सही करता येते, वर्तमानपत्र वाचता येत नाही. कॉलेजची पायरी चढणारी आमच्या घरातली मी पहिलीच. तेव्हा आमच्या वतीने परस्पर जो निकाल दिला जातो, तो तपासून पाहण्याचा अधिकार मला आहे असे मी समजते.

आणि निकाल चीनचा दाखला देऊन दिला जातो, तर पुरावाही चीनचाच घेऊ या. अमेरिकेचा किंवा इंग्लंडचा नको. चिनी पत्रकारांनीच आपल्या देशाविषयी आणि आपल्या धंद्याविषयी काय नोंदवून ठेवले आहे ते पाहू या.

अशा नोंदी ठेवण्याचे काम हाँगकाँग विद्यापीठात सुरू झाले. तेथील पत्रकारितेच्या अभ्यासकेंद्रात २००४ साली 'चायना मीडिया प्रोजेक्ट' नावाचा संशोधन-प्रकल्प स्थापन झाला. केंद्राच्या प्रमुख युएन-यिंग चान आणि छियान गांग हे ज्येष्ठ पत्रकार यांनी तो उभा केला. पुढे डेव्हिड बांडुर्स्की हे अभ्यासक त्याचे संचालक झाले. राज्यशास्त्राच्या तासाला आमच्या सरांनी या प्रकल्पाचा उल्लेख केला. त्यानंतर त्यांचे इंग्रजीतील लेखन मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचीत गेले.

छियान गांग यांची ओळख करून दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. २८ जुलै १९७६ रोजी चीनमधील तांगशान हे औद्योगिक शहर भूकंपात जमीनदोस्त झाले. छियान तेव्हा तेवीस वर्षांचे सैनिक होते आणि मदतकार्यासाठी तेथे गेले होते. त्या भूकंपात २ लाख ४२ हजारांहून अधिक माणसे मेली. पण हा आकडा चिनी वृत्तपत्रांत केव्हा छापून आला? नोव्हेंबर १९७९ मध्ये, म्हणजे तीन वर्षांनंतर! एखाद्या मोठ्या शहराएवढी माणसे मेली आणि देशाला त्यांची मोजदाद कळायला तीन वर्षे लागली. छियान यांनी १९८६ मध्ये या भूकंपावर पुस्तक लिहिले. पुढे ते ग्वांगझू शहरातून निघणाऱ्या 'सदर्न वीकली' या साप्ताहिकाच्या संपादनाची धुरा वाहू लागले. त्या काळात हे साप्ताहिक चीनमधील सर्वांत धाडसी पत्र मानले जाई. २००१ मध्ये त्यांना त्या पदावरून दूर करण्यात आले. संपादकाची खुर्ची गेली, तेव्हा हा माणूस हाँगकाँगला येऊन वृत्तपत्रांचा अभ्यास करू लागला.

या प्रकल्पाच्या कामाची रीत मला फार आवडली. एक तर ते चीनमधील पत्रकारांना बोलावून त्यांचे अनुभव नोंदवून घेत. कोणती बातमी कशी मिळवली, कोणी अडवली, छापल्यावर काय झाले, हे सारे त्यात येई. अशा आठ प्रकरणांचे एक पुस्तक २०१० साली हाँगकाँग विद्यापीठाने प्रसिद्ध केले. दुसरे काम शब्द मोजण्याचे. चिनी कम्युनिस्ट पक्षाचे मुखपत्र 'पीपल्स डेली' घ्यायचे आणि कोणता राजकीय शब्द कोणत्या वर्षी किती वेळा आला, कोणता शब्द एकाएकी नाहीसा झाला, हे पाहायचे. छियान यांनी शब्दांचे चार रंग ठरवले आहेत. गडद लाल म्हणजे पक्षाचे जुने, कडवे शब्द. फिकट लाल म्हणजे पक्षाच्या रोजच्या वापरातले. फिकट निळे म्हणजे पक्षाला फारसे न आवडणारे, पण खपवून घेतले जाणारे. आणि गडद निळे म्हणजे निषिद्ध. 'सत्तेचे विभाजन' हा शब्द त्यातला. तो शब्द आपल्या राज्यशास्त्राच्या क्रमिक पुस्तकात आहे आणि आपण तो पाच गुणांच्या प्रश्नासाठी पाठ करतो!

आमच्या वर्गातील एक मित्र म्हणाला, "ज्या वर्तमानपत्रात सगळे खोटेच छापतात, ते वाचून काय मिळणार?" मला वाटते, नेमके इथेच या संशोधनाचे मोल आहे. वैद्य रोग्याच्या बडबडीवर विसंबत नाही, नाडी पाहतो. पक्षाच्या पत्रात कोणता शब्द वाढला आणि कोणता मेला ही त्या राजवटीची नाडी आहे. उदाहरणार्थ, 'लोकमताची देखरेख' हा शब्दप्रयोग घ्या. वृत्तपत्रांनी अधिकाऱ्यांवर नजर ठेवावी असा त्याचा अर्थ. १९८७ च्या पक्ष-अधिवेशनात झाओ झियांग यांच्या अहवालात तो आला, तेव्हा सुधारणेचे वारे होते. वृत्तपत्रांसाठी कायदा करण्याचे काम हू जिवेई या जुन्या संपादकांच्या पुढाकाराने चालू होते. १९८९ साली बीजिंगच्या रस्त्यांवर विद्यार्थ्यांबरोबर पत्रकारही उतरले. जूनमध्ये रणगाडे आले, झाओ पदच्युत झाले आणि वृत्तपत्र-कायदा बारगळला तो आजतागायत झालेला नाही. यानंतर 'लोकमताला दिशा देणे' हा शब्द पुढे आला. देखरेख करणाऱ्या लोकमतालाच आता दिशा दिली जाऊ लागली. दोन शब्दांच्या या अदलाबदलीत एका देशाचा दहा वर्षांचा इतिहास आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळते. वृत्तपत्रांचे तोंड बांधले तर त्याची किंमत कोण मोजतो? चीनच्या हूपेई प्रांतात ह्वांगगांग नावाचा एक जिल्हा आहे. भाताचा मुलूख, शेतकऱ्यांचा. चिनी वृत्तपत्रांच्या इतिहासाबद्दल वाचताना मी तीनदा या एकाच जिल्ह्यात येऊन पोचले.

पहिली गोष्ट १९५८ ची. माओंच्या 'महान झेपे'चे ते वर्ष. १३ ऑगस्टच्या 'पीपल्स डेली'त बातमी आली की, ह्वांगगांगमधील माचेंग येथे एका शेतात दर मू जमिनीत ३६,९०० जिन भात पिकला. पीक इतके दाट की मुले त्यावर उभी राहिली, असे छायाचित्रही छापले. एक जिन म्हणजे अर्धा किलो आणि एक मू म्हणजे आपले सुमारे साडेसहा गुंठे. म्हणजे साडेसहा गुंठ्यांत १८४ क्विंटल भात! एकरी हिशेब केला तर अकराशे क्विंटलांच्या वर जातो. मी हा हिशेब वडिलांना सांगितला. आमच्याकडे फार चांगले वर्ष असले तर एकरी वीस क्विंटल पदरात पडते. त्यांनी विचारले, "हे छापणाऱ्याने भाताचे रोप कधी पाहिले होते का?" पाहिले नसेल असे नाही. त्या देशातल्या कोट्यवधी शेतकऱ्यांना तर हे खोटे आहे हे नक्कीच ठाऊक होते, कारण आजूबाजूच्या खाचरांतले तयार पीक उपटून एका शेतात दाटीने रोवायचे ही त्यातली युक्ती त्यांच्याच हातून करवून घेतली जात होती. पण "हे खोटे आहे" असे छापू शकणारे एकही पत्र देशात नव्हते.

पेपरातल्या भाताने कोणाचे पोट भरत नाही, हे खरे. पण पेपरातल्या भातावर सरकारी वसुली मात्र होते! जेवढे पीक कळवले, त्या मानाने धान्य उचलले गेले. कागदावरचे पीक उचलता येत नाही, म्हणून घरातले उचलले. पुढच्या दोन-तीन वर्षांत जो दुष्काळ पडला तो जगाच्या इतिहासातला सर्वांत मोठा मानला जातो. मृतांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत. त्यात संपादक किती आणि शेतकरी किती, हे सांगण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट त्याच जिल्ह्यातल्या शिश्वेई तालुक्यातली. यांग जिशेंग हा मुलगा तिथे शाळेत शिकत होता. १९५९ च्या वसंतात निरोप आला की वडील भुकेने अंथरुणाला खिळले आहेत. शाळेच्या खाणावळीतला आपल्या वाट्याचा तांदूळ घेऊन तो घरी धावला. वडिलांना तो गिळताही आला नाही. तीन दिवसांनी ते गेले. यांग तेव्हा अठरा वर्षांचा होता, म्हणजे माझ्याहून एका वर्षाने लहान. या प्रसंगातली सर्वांत भयंकर गोष्ट त्याने पुढे स्वतः लिहून ठेवली आहे. हे आपल्या एकट्या घरावरचे संकट आहे असेच त्याला वाटले होते. शेजारच्या तालुक्यात, शेजारच्या प्रांतात हेच चालले आहे, हे त्याला ठाऊक नव्हते. ठाऊक होणार कसे? वर्तमानपत्रात तर भाताच्या राशी होत्या!

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे असे मला वाटते. बातमी दडपली म्हणजे केवळ सरकारचा दोष झाकला जातो असे नाही. दुःखी माणसाला त्याच्या दुःखात एकटे पाडले जाते. लक्षावधी घरांत एकच मरण चालू असते आणि प्रत्येक घर ते आपलेच नशीब समजते. ज्याला आपले दुःख नशीब वाटते तो माणूस मोर्चा काढीत नाही, अर्ज करीत नाही, जाबही विचारीत नाही.

हा मुलगा पुढे सरकारी 'शिन्हुआ' वृत्तसंस्थेत वार्ताहर झाला. नोकरीच्या ओळखीचा उपयोग करून त्याने प्रांतोप्रांतीच्या दप्तरखान्यांतली कागदपत्रे वर्षानुवर्षे जमवली. २००८ साली हाँगकाँगमध्ये त्याचे पुस्तक निघाले. 'थडग्यावरची शिळा' अशा अर्थाचे त्याचे नाव आहे. मृतांचा त्याने काढलेला आकडा ३ कोटी ६० लाखांचा आहे. ते पुस्तक चीनच्या मुख्य भूमीवर आजही विकता येत नाही.

तिसरी गोष्ट २००३ ची. तोवर चीन बदलला होता. सुधारणांच्या काळात सरकारने वृत्तपत्रांचे अनुदान आवरते घेतले आणि जाहिराती व खप यांवर जगा असे सांगितले. मालकी पक्षाचीच राहिली, पण पोट वाचकावर अवलंबून राहिले. वाचकाला पुढाऱ्यांची भाषणे नको होती, बातम्या हव्या होत्या. या फटीतून शोधपत्रकारितेचे रोप उगवले. पत्रकारांनी युक्त्याही काढल्या. स्वतःच्या प्रांतातील अधिकाऱ्यांवर लिहिणे धोक्याचे, म्हणून ग्वांगझूच्या पत्राने दूरच्या प्रांतातला भ्रष्टाचार बाहेर काढायचा! आपल्याकडे गावकीच्या भांडणात परगावचा पंच बोलावतात तशातला हा प्रकार.

ह्वांगगांगच्या एका शेतकरी कुटुंबातला सुन झिगांग नावाचा तरुण कलाशाखेची पदवी घेऊन ग्वांगझूला एका कपड्यांच्या कंपनीत नोकरीला लागला. वय सत्तावीस. नोकरीला महिनाही झाला नव्हता. १७ मार्च २००३ च्या रात्री तो बाहेर पडला असता पोलिसांनी त्याला हटकले. शहरात राहण्याचा तात्पुरता परवाना त्याने अजून काढला नव्हता आणि ओळखपत्रही जवळ नव्हते. त्याला धरून नेले. 'ताब्यात घ्या आणि गावी परत पाठवा' अशा अर्थाचा एक नियम १९८२ पासून होता. मूळचा भिकारी आणि निराधारांसाठी केलेला, पण खेड्यातून शहरात पोट भरायला आलेल्या कोणालाही तो लावता येई. २० मार्चला अशा कोंडलेल्या लोकांसाठी असलेल्या दवाखान्यात सुन मरण पावला. त्याला मारहाण झाली होती.

असे मरण त्याचे पहिले नव्हते. फरक एवढाच की, 'सदर्न मेट्रोपोलिस डेली' या ग्वांगझूच्याच दैनिकाच्या वार्ताहरांनी शवविच्छेदनाचा अहवाल मिळवला आणि २५ एप्रिलला बातमी छापली. परगावचा पंच वगैरे नाही, आपल्याच शहराच्या पोलिसांविरुद्ध! देशभर संताप उसळला. कायद्याच्या अभ्यासकांनी राष्ट्रीय लोकसभेकडे अर्ज केले. जूनमध्ये मारहाण करणाऱ्यांना शिक्षा झाल्या आणि तो वीस वर्षांचा नियमच रद्द करण्यात आला. १ ऑगस्ट २००३ पासून तो कायमचा गेला.

वृत्तपत्रस्वातंत्र्य कोणाची चैन आहे, याचे उत्तर मला इथे मिळते. त्या एका बातमीने कोणाचे भले झाले? ग्वांगझूच्या उंच इमारतींत राहणाऱ्या कोणालाही पोलीस रस्त्यात पकडून गावी पाठवीत नव्हते. भले झाले ते वळकटी घेऊन गाडीतून उतरणाऱ्याचे. माझा थोरला भाऊ चाकणला कंपनीत आहे. एका खोलीत सहा जण राहतात. उद्या पदवी घेऊन मीही कुठल्या तरी शहरात उतरेन. खेड्यातून आलेल्या, ओळखपाळख नसलेल्या, पहिल्या पिढीच्या पदवीधराला शहरात एखाद्या कोठडीतून सोडवणारा मामा नसतो. त्याचा मामा म्हणजे कायदा, आणि कायदा झोपला तर त्याला हलवून जागे करणारी बातमी. श्रीमंताला वृत्तपत्र नसले तरी चालते. त्याच्याकडे दूरध्वनी असतो.

त्या बातमीची किंमतही चुकती करावी लागली. संपादक चेंग यिझोंग यांना २००४ साली मार्चमध्ये अटक झाली आणि पाच महिने आरोपपत्राविना डांबून ठेवून सोडण्यात आले. व्यवस्थापक यू ह्वाफेंग यांना पैशांच्या गैरव्यवहाराचा ठपका ठेवून अनेक वर्षांची शिक्षा झाली. ते २००८ मध्ये सुटले. चेंग यांना २००५ चा युनेस्कोचा वृत्तपत्रस्वातंत्र्याचा पुरस्कार मिळाला.

आता प्रतिपक्षाचे म्हणणेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. ते म्हणतील, "चीनने कोट्यवधी लोकांना दारिद्र्यातून वर काढले, हे खोटे आहे का? आणि आपल्या स्वतंत्र वृत्तपत्रांच्या देशात कुपोषण का आहे?" हा प्रश्न फेटाळून लावण्यासारखा नाही. अमर्त्य सेन यांनी दुष्काळ आणि वृत्तपत्रे यांचा संबंध जगाला दाखवून दिला. स्वतंत्र वृत्तपत्रे आणि विरोधी पक्ष असलेल्या देशात मोठा भूकबळीचा दुष्काळ पडत नाही, हा त्यांचा सिद्धान्त. पण त्याच सेन यांनी हेही बजावले की, रोजच्या अर्धपोटी जगण्याकडे, बाळांच्या मृत्यूंकडे भारतातील वृत्तपत्रांचे लक्ष जात नाही आणि आरोग्य व शिक्षण यांत चीनने आपल्याला मागे टाकले. मला हे मान्य आहे. पण यावरून निष्कर्ष काय काढायचा? आपली वृत्तपत्रे त्यांच्या स्वातंत्र्याचा उपयोग पुरेसा करीत नाहीत, हा. की ते स्वातंत्र्यच काढून घ्यावे, हा? विळा बोथट झाला म्हणून आपण तो परजतो, फेकून देत नाही.

आणि आपल्या महाराष्ट्राला याचा अनुभव आहे. १९७२ चा दुष्काळ आमच्या घरात अजून बोलला जातो. माझी आजोळची आजी करमाळ्याकडची. नव्या लग्नाची सून असताना ती खडी फोडायला जात असे. सुकडी आणि मिलो हे शब्द ती आजही तोंड वाईट करून उच्चारते. पण ती जगली, तिच्याबरोबर कामावरच्या बाया जगल्या. त्या वर्षी विधानसभेत प्रश्न विचारले जात होते, दुष्काळी कामांवरचे हाल वृत्तपत्रांत छापून येत होते, मुंबईत बाया लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या होत्या. सरकारला कामे काढावी लागली आणि पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. कष्ट भयंकर होते, पण आजीला आपले दुःख एकटीचे वाटले नाही. शिश्वेईच्या त्या मुलाच्या आणि माझ्या आजीच्या दुष्काळात मला हाच फरक दिसतो. दुष्काळ दोघांनी पाहिला. बातमी फक्त एकीच्या दुष्काळाची झाली. तीनच वर्षांनी, जून १९७५ मध्ये, आपल्याकडेही बातम्यांवर सेन्सॉर बसला हे विसरून चालणार नाही. तो एकवीस महिन्यांनी उठला. न उठता तर काय झाले असते, हे आपण चीनच्या इतिहासात वाचू शकतो.

पुन्हा त्या संशोधन-प्रकल्पाकडे येते, कारण त्याचीही एक गोष्ट झाली आहे. चीनमधील फट पुढे अरुंद होत गेली. जानेवारी २०१३ मध्ये 'सदर्न वीकली'चा नववर्षाचा लेख वरून बदलण्यात आला. राज्यघटनेप्रमाणे कारभार व्हावा हे स्वप्न त्यात मांडले होते. पत्रकारांनी निषेध केला, कार्यालयाबाहेर लोक फुले घेऊन जमले, पण लेख बदललेलाच राहिला. १९ फेब्रुवारी २०१६ रोजी राष्ट्राध्यक्ष शी जिनपिंग यांनी सरकारी वृत्तसंस्थांना भेट दिली आणि पक्षाच्या माध्यमांचे आडनाव 'पक्ष' हेच असले पाहिजे असे बजावले. २०१९ च्या डिसेंबरअखेर हूपेईचीच राजधानी असलेल्या वुहानमध्ये ली वेनलियांग या डॉक्टरांनी सहकाऱ्यांना एका नव्या आजाराबद्दल सावध केले, तर पोलिसांनी त्यांच्याकडून 'अफवा' पसरवल्याबद्दल समजपत्रावर सही घेतली. ७ फेब्रुवारी २०२० रोजी त्याच आजाराने ते गेले. पुढे तो आजार आपल्या गावापर्यंत आला, हे आपण सर्वांनी पाहिले. तेव्हा चीनमध्ये काय छापतात याच्याशी आपल्याला काय करायचे, असे आता कोणी म्हणू नये.

आणि ज्या हाँगकाँगमध्ये हा अभ्यास सुरू झाला तेथेही २०२० साली राष्ट्रीय सुरक्षेचा कठोर कायदा आला. २४ जून २०२१ रोजी 'ॲपल डेली' हे तिथले खपाचे दैनिक शेवटचा अंक काढून बंद पडले. चायना मीडिया प्रोजेक्ट आता हाँगकाँग विद्यापीठाचा भाग राहिलेला नाही. स्वतंत्र संस्था म्हणून त्याचे काम चालू आहे. म्हणजे बांधलेल्या वृत्तपत्रांचा अभ्यास करायलाही एक मोकळी जागा लागते. ती कायमची मिळालेली असते असे समजणे बरे नव्हे.

मग आपण विद्यार्थ्यांनी काय करायचे? घोषणा देणे सोपे आहे. मी एक लहानशी सूचना करते. आपल्या ग्रंथालयात रोज सहा मराठी दैनिके येतात आणि महिनाअखेर रद्दीत जातात. छियान गांग यांनी जे 'पीपल्स डेली'चे केले ते आपण यांचे करू या. राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आणि मराठी विभागांनी मिळून दहा विद्यार्थ्यांचा एक गट करावा. एका वर्षात 'हमीभाव' हा शब्द किती वेळा आला, पहिल्या पानावर किती वेळा आला, 'शिष्यवृत्ती' किती वेळा आला आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिरातींनी किती पाने व्यापली, हे मोजावे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात पैसे घेऊन बातम्या छापल्याची प्रकरणे उघडकीला आली. ती उघडकीला आणणारेही पत्रकारच होते. म्हणजे स्वातंत्र्य असताना ते विकलेही जाते आणि विकणाऱ्याला पकडताही येते. पकडायला मात्र वाचक जागा हवा. या कामाला पैसा लागत नाही. वही, पेन्सिल आणि रोजचा अर्धा तास पुरे.

हे काम करताना कदाचित आपल्याला दिसेल की, आपल्या आईबापांच्या आयुष्यातले बरेचसे कोणत्याच पत्रात छापून येत नाही. तसे दिसले तर तक्रार करीत न बसता आपण ते लिहावे. आपल्यापैकी कितीतरी जण घरातले पहिले लिहिणारे आहोत. पूर्वी आपल्या घरांबद्दल दुसऱ्यांनी लिहिले, किंवा कोणीच लिहिले नाही. चीनमध्ये ज्यांनी लिहिले त्यांनी नोकरी आणि स्वातंत्र्य गमावले, तरी लिहिले. आपल्याला तर अजून एवढी किंमत मागितली गेलेली नाही.

तोपर्यंत वादविवाद स्पर्धेत हात उंचावणाऱ्या माझ्या मित्रांना एकच विनंती आहे. वृत्तपत्रस्वातंत्र्याविरुद्ध जरूर बोला; तेवढे स्वातंत्र्य तुम्हाला आहे. पण ते गरिबाच्या वतीने बोलू नका. माचेंगचा भात कागदावर पिकला तेव्हा संपादकाच्या ताटात अन्न होते. उपाशी राहिला तो भात लावणारा.